पुसलेली जाळी

रोशनीनं पॉलिशच्या खोलीचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि देवघराच्या वरच्या फळीवरून तळहात फिरवला. हात अर्ध्यावरच थांबला. काचेसारखी लागायला हवी ती फळी रव्यासारखी खरखरत होती.

मागं हिरालालशेठ उभे होते. वर्ध्यात त्यांचं धान्याचं मोठं दुकान आणि सिंदी मेघेत नवा बंगला. परवा वास्तुशांत होती, आणि त्याच मुहूर्तावर या सागवानी देवघरात देव बसायचे होते.

"हे काय, बेटा?" शेठनी चष्मा वर सरकवला. "चमक कुठं गेली याची?"

"भुकटी बसली," रोशनी म्हणाली.

ज्यानं कधी लाकडाला हात लावला नाही त्याला वाटेल, यात काय एवढं? पॉलिशवाल्याला विचारा. लाकूड खरखरीत पेपरनं घासलं की त्यातून पिठासारखी भुकटी निघते. ती काढली नाही आणि वरून पॉलिशचा हात मारला, की एकेक कण आत अडकून बसतो. म्हणून नालवाडीच्या या कारखान्यात शेवटच्या हाताच्या दिवशी सोवळ्यासारखं सगळं पाळलं जायचं. आधी ब्रश, मग जुनं धुवट धोतर, मग थिनरनं जरासं ओलं केलेलं फडकं. जमिनीवर पाण्याचा शिडकावा. भुशाची पोती आदल्या दिवशीच बाहेर. भिंतीतल्या उंच जाळीवर बाहेरून ओलं गोणपाट. हात मारून झाला की दाराला कुलूप, आणि सगळ्यांनी आपापल्या वाटेनं जायचं. पहिला अर्धा तास पॉलिश ओलं असतं, तेवढाच धोका. पुढं मग खुशाल तमाशा मांडा.

आज दुपारी हे सगळं पाळलं होतं. किल्ली रोशनीच्या कमरेला होती आणि रोशनी अनुसयाबाईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. खोलीत कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. मग ही भुकटी काय आभाळातून पडली?

"पुसलंच नसन नीट," आदेश म्हणाला. "अनुसयाबाईले आता दिसत नाई, ताई. मी कवाचा सांगून राह्यलो."

आदेश म्हणजे रोशनीचा धाकटा भाऊ. बाप गेला तेव्हा तो शाळेत होता. बापाच्या जागी उभं राहून रोशनीनं कारखाना चालवला, आणि त्याचं मनगट धरून त्याला फडकं फिरवायला शिकवलं. आज तिचा उजवा हात तोच होता.

अनुसयाबाई दाराशीच उभी होती. बापाच्या काळापासून झाडणं-पुसणं तिच्याकडे. ती रोशनीकडे पाहत राहिली.

हिरालालशेठ व्यापारी माणूस. राग आला तरी आवाज चढवत नसत. "हे पाह्य रोशनी. देवघर तू परत कर, मले भरवसा हाय. पण बंगल्याच्या दारं-खिडक्याचं काम तुले द्याचं मी ठरवलं होतं. तो सिंदी मेघेतला नीलेश, मॉड्युलर फर्निचरवाला, रोज चकरा मारून राह्यला. अब क्या करूं, बता. उद्या सकाळी मले नाव पाहिजे. ज्याच्या हातानं हे झालं तो माणूस इथं राह्यला, तर माझ्या घराचं काम तुले नाई."

शेठ गेले.

"विषयच संपला," आदेश म्हणाला. "अनुसयाबाईले उद्यापासून घरी बसव. काम गेलं तर आपण खाऊ काय?"

रोशनी त्याच्याकडे पाहत होती. "तुझ्या केसात काय हे? पीठ?"

त्यानं केस झटकले. "गिरणीवर गेलतो ना दुपारी. आईचं दळण होतं."

"बरं," ती म्हणाली. "तू जा घरी. मी येते मागून."

आदेश गेल्यावर तिनं टॉर्च घेतला आणि फळीला टेकवून आडवा धरला. आडव्या उजेडात सगळी लबाडी दिसते, हे बापाचं शिकवणं. वरच्या फळीवर कण होते, पायऱ्यांवर होते, कळसाच्या माथ्यावर होते. उभ्या खांबांवर मात्र एकही नव्हता. जाळीच्या बाजूला दाट, दाराच्या बाजूला विरळ.

"अनुसयाबाई, इकडं या. पुसताना भुकटी राह्यली असती तर कुठं राह्यली असती?"

"नक्षीच्या खाचीत. आखीन कुठं? तिथंच तर लपते मेली."

"मग खाचा पाहा."

अनुसयाबाईनं वेलबुट्टीत बोट घातलं. एका खाचीत, दुसऱ्या खाचीत, कळसाच्या गळ्याशी. सगळीकडे गुळगुळीत. तिचा जीव भांड्यात पडला तसा चेहराही सैल झाला.

"तुमचं पुसणं चोख होतं," रोशनी म्हणाली. "हे नंतर पडलं. पॉलिश ओलं असताना, वरून."

"मंग मले उद्या याचं की नाई, माये?"

"याचं. पण आत्ता कोणाले काही बोलू नका."

तिनं ब्लेडच्या टोकानं एक कण खरवडून नखावर घेतला. सागाची भुकटी तांबूस असते, बोटाला तेलकट लागते. ही पांढुरकी होती, मैद्यासारखी मऊ, लाकडाचा धागा म्हणून नाही. आणि दिवाळीपासून या कारखान्यात सागाशिवाय दुसरं लाकूड आलं नव्हतं.

ती मागच्या बोळीत गेली. तिथं हवेच्या मशीनची नळी पडली होती. अंगणातून कोपऱ्याला वळसा घालून आलेली, तोंडाला हवा मारायची बंदूक लावलेली. शेजारी पालथी बादली. बादलीवर चढून तिनं गोणपाट उचललं.

दिवाळीत सगळ्या जाळ्यांना हिरवा ऑइलपेंट दिला होता. बाजूच्या दोन जाळ्यांवर रस्त्याच्या धुळीचा थर होता. ही एकच लख्ख पुसलेली, आणि तिचा रंग चिकट झालेला. बोट टेकवलं तर ठसा उमटला. बोटाला थिनरचा वास आला. तिनं टॉर्च आडवा धरला. पुसल्याच्या रेघा आतल्या कोपऱ्यातून निघून बाहेर येत होत्या, सगळ्या एकाच दिशेनं, एकीवर दुसरी चढलेली नाही. त्या रेघा तिनं बराच वेळ पाहिल्या. मग गोणपाट होतं तसं लावलं आणि खाली उतरली.

अंगणात अंकुश वांग्यांची थैली घेऊन उभा होता. हा पवनारचा. घरची भाजीपाल्याची शेती, पण हा पॉलिशच्या कामाला यायचा. हात चांगला, तोंड फाटकं.

"दुपारी कुठं होता?"

"घरी गेलतो. वांगे तोडाचे होते. हे तुमच्यासाठी आणले."

"कोणी पाह्यलं तुले?"

"आईनं पाह्यलं. वांग्याईनंबी पाह्यलं, पण ते काही बोलाचे नाईत."

रोशनी हसली नाही. "नळी मागच्या बोळीत कशी गेली?"

त्याचा चेहरा उतरला. "म्या तर गुंडाळून शेडमध्ये ठेवली होती. तुमच्यासमोर."

"हवा मारायची हौस तुलेच हाय."

"हाय. लपवू कायले? फडक्यानं घासत बसण्यापेक्षा एक फुंक मारली की काम साफ. त्याच्यावरून तुमच्या शिव्याबी खाल्ल्या. पण तुम्ही म्हटलं शेवटच्या हाताच्या दिवशी हवा नाई, तर नाई."

"थिनरचं फडकं कधी हातात घेतो?"

"त्या वासानं मले उलटी होते. तुम्हाले माहीत हाय." तो थैली खाली ठेवून सरळ उभा राहिला. "ताई, आडून कायले विचारता? हे म्या केलं काय, असं विचारा ना. काऊन करीन मी? शेठचं काम गेलं तर पहिला घरी बसन तो मीच."

"जा आता. सकाळी लवकर येजो," एवढंच ती म्हणाली.

घरी आदेश मोबाईल पाहत बसला होता. ती समोर बसली.

"दुपारी तू कुठं कुठं गेलता?"

"सांगतलं ना. गिरणीवर, मग गावात थिनर पाहाले. काऊन?"

"नळी बोळीत पडली हाय."

आदेशनं मोबाईल खाली ठेवला. "मंग अंकुशच. दुसरा कोण हवा मारते आपल्या इथं? तुले तो उलटून बोलतेच नेहमी. डूख धरला त्यानं."

"संध्याकाळी तर तू म्हणत होता, अनुसयाबाई."

"तेव्हा मले नळीचं काय माहीत?"

बोलणं तर्काला धरून होतं. रोशनीनं मान डोलावली आणि आत जाऊन पडली. झोप लागली नाही. आपला संशय चुकीचा निघू दे, एवढंच तिनं देवाजवळ मागितलं. एरवी ती देवाजवळ काही मागत नसे, देवघरं घडवण्यातच तिचा देवाशी संबंध यायचा.

सकाळी ती निघाली तेव्हा आई, यशोदाबाई, ओसरीवर सूप घेऊन गहू निवडत बसली होती. बाजूला निम्मं पोतं अजून तसंच होतं.

"आजच्या पोळ्या होतीन कशातरी," आई म्हणाली. "पीठ सरलं. हे निवडून झालं की आदेशले गिरणीवर पाठवते."

रोशनी उंबऱ्यातच थांबली. आईनं विचारलं, काही विसरली का? ती नाही म्हणाली आणि चपला घालून चालू लागली.

हिरालालशेठ सांगितल्याप्रमाणे सकाळीच आले. रोशनीनं पॉलिशची खोली उघडली आणि सगळ्यांना आत बोलावलं. देवघरापाशी शेठ, भिंतीशी अनुसयाबाई, दारात अंकुश, आणि बंद खिडकीला टेकून आदेश.

"नाव सांगणार होती ना तू?" शेठ म्हणाले.

"सांगते. पण आधी पाहून घ्या, नाहीतर म्हणसान, रोशनीनं कोणाचंबी नाव घेतलं." तिनं टॉर्च त्यांच्या हातात दिला. "खाचा स्वच्छ हायेत. पुसणारीनं कसूर केली असती तर घाण खाचीत सापडली असती. फक्त आडव्या जागी कण हायेत आणि जाळीकडं जास्त. म्हणजे ओल्या पॉलिशवर जाळीतून भुकटी मारली. अनुसयाबाईवर आळ येत नाई."

शेठनी मान हलवली.

"आता भुकटी कशाची? आमच्या इथली सगळी पोती आदल्या दिवशीच गेलती. झाडून काढलं तरी चिमूटभर मिळाली नसती. म्हणून करणाऱ्याले ती बाहेरून आणावी लागली. ही सागाची नाई. ही एमडीएफची हाय, भुसा आणि डिंक कालवून दाबलेला पुठ्ठा असते ना, त्याची. मॉड्युलरचं सगळं फर्निचर त्याचंच बनते."

"म्हणजे नीलेशचा माणूस?" शेठ ताठ झाले.

"मलेबी आधी तसंच वाटलं. पण आम्ही कोणत्या घडीले हात मारतो आणि कवा कुलूप लावून जातो, हे बाहेरच्याले काय माहीत? आत्ता मारली तर बसन, अर्ध्या तासानं मारली तर नाई, हे ज्याले माहीत तो याच कारखान्यातला."

"नळी तर अंकुशनंच…" आदेश म्हणाला.

"थांब," रोशनी म्हणाली. "तिथंच तर सगळं हाय. भुकटी मारताना थोडी जाळीवर बसली. हिरव्यावर पांढरी, कोणालेबी दिसली असती. ती काढणं भाग होतं. आता शेठजी, तुम्हीच सांगा. अंकुशच्या हातात हवेची बंदूक हाय. जाळीवर भुकटी बसली. तो काय करन?"

"हवा मारन," शेठ म्हणाले. "बोट दाबलं की उडाली."

"अंकुश तर जेवणाचं ताटबी हवेनं साफ करन. पण ही जाळी फडक्यानं पुसली. थिनरच्या फडक्यानं. ऑइलपेंट सुटला त्यानं, अजून चिकट हाय. हातात हवा असताना ती बाजूले ठेवून फडकं कोण काढते? ज्याले लहानपणापासून शिकवलं की हवेवर भरवसा ठेवू नको, हवा भुकटी काढत नाई, नुसती जागा बदलते. आणि पुसलं कसं? आतल्या कोपऱ्यातून बाहेर. एकाच दिशेनं. दरवेळी फडक्याची नवी घडी, म्हणून रेघेवर रेघ नाई. असं पुसणारा पहिला माणूस माझा बाप. तो गेला. दुसरी मी, आणि मी त्या वेळी अनुसयाबाईसोबत डॉक्टरकडं होती. तिसऱ्याले मी शिकवलं."

खोलीत सगळे आदेशकडे पाहू लागले.

"काय बोलून राह्यली ताई?" तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "जाळी पुसली म्हणून मी चोर?"

"काल तुझ्या केसात पांढरं होतं. तू म्हणाला, दळण. आई आज गहू निवडून राह्यली, आदेश. दळण गिरणीवर गेलंच नाई. जाळीवर मारलेली भुकटी उलटून तुझ्या अंगावर आली."

आदेशचा हात केसांकडं गेला.

हिरालालशेठ हळूच म्हणाले, "बेटा, एक गोष्ट मी बोललो नव्हतो. मागच्या हप्त्यात हा माझ्या दुकानात आलता. म्हणे, ताईच्या हातून आता मोठं काम होत नाई, नीलेशकडं द्या, मी सोता उभा राहून करून देतो. मले वाटलं, तूच पाठवलं असन. बहीण-भावाचं काही ठरलं असन."

हे मात्र रोशनीला ठाऊक नव्हतं. ती देवघराला धरून उभी राहिली. रात्रभर तिनं त्याच्यासाठी सबबी शोधल्या होत्या. रागात केलं असेल, कुणी भरीला घातलं असेल, क्षणभर बुद्धी फिरली असेल. आणि हा आठवडाभर आधी तिची अब्रू शेठच्या दुकानात मांडून आला होता, आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्याच हातचं जेवला होता. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि शेताला पत्ता नाही.

"काऊन रे?" तिनं विचारलं. "एवढंच सांग."

आता तो चिडला. पकडला गेलेला माणूस चिडतोच. "मंग काय करू? जन्मभर तुझ्या हाताखाली फडकं फिरवू? बोर्डावर तुझं नाव, लोकं तुले विचारते, मी म्हणजे रोशनीचा भाऊ. नीलेश मले भागीदार करतो म्हणे, शेठचं काम आणलं तर. आणि नुकसान काय झालं तुझं? एक हात घासून काढला की देवघर परत नवं. मले माहीत होतं ते. म्हणूनच फक्त भुकटी मारली."

"आणि अनुसयाबाई?"

"तिचं वय झालंच ना आता."

अनुसयाबाईनं त्याला कडेवर घेऊन याच अंगणात फिरवलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अंकुश काहीतरी बोलणार होता, पण रोशनीनं हातानं त्याला गप्प केलं.

हिरालालशेठ खाकरले. "जाऊ दे, रोशनी. घरची गोष्ट हाय. आपलेच दात, आपलेच ओठ. पोरगा हाय, चुकला. काल मी जे म्हटलं ते सोडून दे. त्याले दोन शब्द सुनव आणि ठेवून घे. काम तुझंच हाय."

आदेशनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत सुटल्याचा भाव रोशनीला स्पष्ट दिसला, आणि इतका वेळ जे धरून ठेवलं होतं ते त्यानंच तुटलं.

"शेठजी, अनुसयाबाईचं नाव निघालं असतं तर तुम्ही हेच म्हटलं असतं?"

शेठनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"नाई म्हटलं असतं. मीबी कदाचित तिले आजच काढलं असतं. मंग याले काऊन ठेवू? रक्ताचा हाय म्हणून?" ती आदेशकडे वळली. "देवघर घासलं की निघते, खरं हाय तुझं. माझ्या जिवाले लागलं ते देवघर नाई. माझ्या हातानं शिकवलेलं तू माझ्यावरच चालवलं. जा. नीलेशकडं जा, कुठंबी जा. या कारखान्यात परत येऊ नको."

"ताई, घरी तर…"

"घर आईचं हाय. तिथून तुले काढणारी मी कोण? इथून जा."

तो गेला. शेठनीही जास्त वेळ काढला नाही. जाताना म्हणाले, दारं-खिडक्यांचं लाकूड पुढच्या हप्त्यात येईल, जागा करून ठेव. रोशनी हो म्हणाली. काम वाचलं होतं, अनुसयाबाईची जागा वाचली होती. जिंकल्याचं मात्र तिला काहीच वाटलं नाही. ती पालथ्या डब्यावर बसली आणि रडली, लपवून नाही, सगळ्यांसमोर.

अंकुशनं न सांगता पेपर घेतला आणि वरची फळी घासायला लागला. अनुसयाबाई जुनं धोतर घेऊन तिच्याजवळ आली.

"आईले काय सांगशीन, माये?"

रोशनीनं डोळे पुसले आणि फोन लावला. पलीकडून आईचा आवाज येण्याआधी सुपाचा आवाज आला.

"आई, आदेश आजपासून माझ्याकडं कामाले नाई. काऊन ते त्यालेच विचार. खोटं सांगन तो, मंग मी सांगीन. नाई, मी ठीक हाय. तो आता घरी येईन, उपाशी असन, त्याले वाढजो. माझी वाट पाहू नको. त्याच्या ताटासमोर बसून मले आज जेवता येणार नाई."